शिकारीसाठी कपड्यांचे थर आणि बूट: चालण्यासाठी की बसण्यासाठी?

तिसरा_प्रहर

हंगाम जवळ आला की विचारणा सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं जाकीट घेऊ?" मला वाटतं त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दिवसातला किती वेळ मी चालणार आहे आणि किती वेळ न हलता बसणार आहे? कपडे आणि बूट ठरतात ते या प्रश्नावर. तापमानाचा विचार त्यानंतर.

(हा धागा परवाना काढून, हंगामात, कायदेशीर शिकार करणाऱ्यांसाठी आहे. जिथे बंदी आहे तिथल्या शिकारीबद्दल इथे कुणी काही विचारू नये. लपणात तासन्‌तास बसणाऱ्या छायाचित्रकारांना मात्र यातलं जवळपास सगळं उपयोगी पडेल, त्यांचं स्वागत.)

आता कारण सांगतो. पाठीवर ओझं घेऊन चढ चढणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाच-सहा पट उष्णता सहज तयार करतो. पहाटे अंधारात तासभर चढायचं आणि मग चार तास मचाणावर बसायचं, हा सगळ्यात नेहमीचा क्रम. चढताना अंगावर जाड जाकीट असलं की पाठ भिजलीच. बसल्यावर तो घाम वाळायला लागतो, आणि एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओला बनियन नुसता अंगाला चिकटला तरी नुकसान चालूच. मचाणावर दोन तासांत जी हुडहुडी भरते ती बऱ्याचदा हवेची नसते, आपल्याच घामाची असते.

त्यामुळे निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असा माझा नियम आहे. पातळ आतला थर आणि वर वारा अडवणारं हलकं काहीतरी, बस. जाड थर पाठपिशवीत. शेवटचा टप्पा मुद्दाम सावकाश चालायचा, जागेपासून थोडं अलीकडे थांबायचं, भिजलेला आतला बनियन बदलायचा आणि अंगात ऊब आहे तोवरच जाड थर चढवायचे. कुडकुडायला लागल्यावर जाकीट घातलं तर फार उशीर झालेला असतो. कपडा उष्णता तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो.

थर तीन, हे सगळ्यांना माहीत आहे. अंगालगतचा थर घाम ओढून घेण्यासाठी, मधला हवा कोंडून ठेवण्यासाठी, बाहेरचा वारा-पाऊस अडवण्यासाठी. गडबड होते ती मधल्या थरात. लोक एकच जाडजूड कपडा घेतात. त्याऐवजी दोन मध्यम कपडे घ्या, एक पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) आणि एक भरणाचं जाकीट. म्हणजे काढता-घालता येईल. आणि बसण्यासाठीचं जाकीट एक माप मोठं घ्या, बाकी सगळ्याच्या वरून जाईल असं. आतले कपडे काढून पुन्हा घालण्याइतकी हालचाल जनावराच्या टप्प्यात परवडत नाही.

सुती कपडा आत नको. बनियन नको, जीन्स नको, सुती मोजे तर नकोच नको. कापूस पाणी पितो, धाग्यांमधली हवेची जागा बसते आणि तो वाळायला दिवस घेतो.

बुटांबद्दल लिहिण्यासारखं भरपूर आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

माळरान

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

अरण्यक

तिसरा_प्रहर, बऱ्याचशा गोष्टींना अनुमोदन. आतल्या थराबद्दल भर घालतो, कारण तिथे लोक फार घोळ घालतात.

मेरिनो लोकर की पॉलिएस्टर? लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही घेत नाही, ओलावा धाग्यांच्या मधून पसरतो आणि भराभर उडून जातो. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं. लोकर सावकाश वाळते, पण वाळेपर्यंत अंगाला गारठवत नाही. चालणं जास्त असेल आणि रात्री मुक्कामाला छप्पर असेल तर पॉलिएस्टर चालेल. चार-पाच दिवस तंबूत असाल तर लोकरच, कारण दुसऱ्या दिवसापासून पॉलिएस्टरला जो घामट वास येतो तो धुतल्यावरही पूर्ण जात नाही. जनावराला वास लागण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तंबूतल्या सोबत्यांचा विचार करायला हवा.

लोकर घेताना दोन आकडे बघा. धाग्याची बारीकी १९ मायक्रॉनच्या आत असेल तर अंगाला टोचत नाही. कापडाचं वजन चौरस मीटरला १५० ग्रॅम असेल तर चालताना, २०० सर्वसाधारण, २५० बसून राहण्यासाठी. मी २५० चा चालताना कधीच घालत नाही.

आणखी एक कपडा सुचवतो, तो लोक विसरले आहेत. जाळीचा बनियन. नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने १९३३ साली मासेमारीच्या जाळ्यांपासून तो पहिल्यांदा करून पाहिला. मोठमोठ्या भोकांत हवा कोंडली जाते आणि घाम त्वचेवर चिकटून न राहता वरच्या थरात जातो. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही जाळीचे बनियन होते. जाळी आणि तिच्यावर पातळ लोकर, ही जोडी जास्त घाम येणाऱ्यांसाठी मला आजही सगळ्यात पटते.

शिशिरा

अरण्यक, जाळीच्या बनियनवर पाठपिशवीचे पट्टे रुतत नाहीत का?

अरण्यक

शिशिरा, रुततात, ओझं जड असेल तर खांद्यावर जाळीचे ठसे उठतात. खांद्यावर सलग कापड लावलेले मिळतात, ते घ्या.

टेकडीपलीकडे

माझं मत थोडं वेगळं आहे. थरांची चर्चा नेहमी ऊब आणि ओलावा यावरच होते. शिकारीत तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे आवाज. गिर्यारोहकांसाठी बनवलेलं पावसाळी जाकीट शंभर टक्के कोरडं ठेवेल, पण बाही बाहीला घासली की जो खसखस आवाज होतो तो शांत रानात हरणाला खूप आधी ऐकू जातो. मी बाहेरचा थर विकत घेण्याआधी दुकानातच कानाजवळ धरून चोळून बघतो. नखाने ओरखडा काढून बघतो. वेल्क्रो असेल तर घेत नाही, बटण किंवा सावकाश उघडता येणारी चेन हवी. चेनच्या ओढणीला धातूचा तुकडा असेल तर तो काढून दोरी बांधा.

आल्प्समधले शिकारी अजूनही लोडेन वापरतात, त्याचं कारण हेच. लोकरीचं कापड कुटून-आटवून घट्ट केलेलं असतं. वारा बराच अडतो, बारीक पाऊस वरच्यावर झटकला जातो आणि फांदी घासली तरी आवाज होत नाही. जड आहे, पूर्ण भिजलं तर आणखी जड होतं, आणि मुसळधार पावसात शेवटी पाणी आत येतंच. पण कोरड्या थंडीत दबा धरून बसायला त्याच्या तोडीचं नव्या कापडांत मला काही दिसलेलं नाही.

पावसाचं जाकीट मी पिशवीत ठेवतो. पाऊस पडत असताना त्याचा आवाज पावसात बुडून जातो, मग वापरायला हरकत नाही.

तिसरा_प्रहर

टेकडीपलीकडे, आवाजाचा मुद्दा अगदी योग्य. त्यालाच जोडून रंगाबद्दल.

हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या तीन. निळा रंग त्यांना चांगला दिसतो, केशरी आणि लाल मात्र मळकट, फिकट भासतात. म्हणून अनेक ठिकाणी बंदुकीच्या हंगामात कायद्याने सक्तीचा असलेला झगझगीत केशरी अंगरखा घालून शिकार बिघडत नाही, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही दुरून दिसता. जिथे सक्ती नाही तिथेही घाला. छाती, पाठ आणि डोकं, तिन्हीकडे केशरी हवं. जाड जाकीट वरून चढवलं की आतला केशरी अंगरखा झाकला जातो, तेव्हा अंगरखा ढगळ घ्या आणि तो नेहमी सगळ्यात बाहेर ठेवा.

निळी जीन्स मात्र हरणाला तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसते. आणि कपडे धुताना 'अधिक शुभ्र' करणाऱ्या पावडरी टाळा. त्यांत अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत फेकणारी द्रव्यं असतात. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील प्रकाश बराचसा गाळून टाकतं, हरणाचं तसं नाही. पहाटे-संध्याकाळी असे कपडे त्यांना उजळ दिसतात.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रंग आपल्याहून सरस दिसतात, तिथे केशरी लपत नाही. तिकडचे नियमही वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या.

दवभरला

नवीन आहे, पहिलाच हंगाम. वरचं सगळं वाचलं आणि डोकं गरगरलं. पिसांचं जाकीट घेऊ की कृत्रिम भरणाचं, एवढंच सांगा कुणीतरी.

अरण्यक

दवभरला, पहिल्या हंगामाला कृत्रिम भरणाचं घ्या. पिसं वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, ८०० फिलची (फिल म्हणजे पिसं किती फुगतात त्याचं माप) चांगली पिसं पिशवीत मुठीएवढी होतात. पण ओली झाली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जवळजवळ संपते. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत पिसं. तापमान शून्याच्या आसपास, बर्फ वितळतंय, धुकं, झाडांवरून ठिबकतंय, अशा हवेत कृत्रिम. माझ्या मते ही दुसरी हवाच माणसाला जास्त धोक्याची. उणे १५ ला सगळे सावध असतात, ४ अंश आणि पावसाची भुरभुर असली की नसतात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि त्यासाठी बर्फ पडायची गरज नसते. ओले कपडे, वारा आणि थकवा एवढं पुरे होतं.

वाऱ्याचा हिशेबही करा. तापमान ० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ६-७ सारखं लागतं. टेकडीच्या माथ्यावर बसणार असाल तर वारा अडवणारा थर आधी, मग बाकी.

शिशिरा

बायकांच्या अडचणींबद्दल या विषयावर कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मापाची. पुरुषांच्या मापातलं लहान जाकीट घ्या, असं दुकानात सांगतात. खांद्यात मोठं, कमरेत घट्ट, बाह्या लांब. बाही लांब असेल तर बंदुकीच्या घोड्याजवळ कापड येतं. धनुष्य वापरणाऱ्यांना तर ढिली बाही आणि छातीवरचं सैल कापड प्रत्यंचेत अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे धनुष्यासाठी पुढच्या हाताला बाही आवळून धरणारा पट्टा आणि वरचा थर अंगाबरोबरचा हवा. ऊब कमी पडली तर बिनबाह्यांचं भरणाचं जाकीट घाला, हात मोकळे राहतात.

दुसरी गोष्ट लघवीची. खांद्यावरून पट्टे येणारी पँट उबदार असते, पाठ उघडी पडत नाही, पण ती उतरवायला वरचे सगळे थर काढावे लागतात. मग बायका पाणीच पीत नाहीत. पाणी कमी प्यायलं की रक्त घट्ट होतं आणि बोटं लवकर गारठतात. मागून चेनने खाली उघडणाऱ्या किंवा बाजूच्या चेन कमरेपर्यंत जाणाऱ्या पँट मिळतात. जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील तर या एका गोष्टीवर करा, असं मी प्रत्येक नव्या मैत्रिणीला सांगते.

तिसरी गोष्ट मचाणाच्या सुरक्षा पट्ट्याची. झाडावरच्या मचाणावर बसताना पट्टा बांधायचाच आणि तो सगळ्या थरांच्या वरून नीट बसतो का हे घरीच तपासायचं. पातळ कपड्यांवर मापाला लावलेला पट्टा जाड जाकिटावर येत नाही, मग लोक तो सोडूनच देतात. हे फार धोक्याचं आहे.

तिसरा_प्रहर

शिशिरा, फार मोलाचा प्रतिसाद. सुरक्षा पट्ट्याबद्दल हजार वेळा सहमत.

त्याच चालीवर बंदूकवाल्यांसाठी: हंगामाआधी निशाणीचा सराव करता तेव्हा सगळे थर घालून करा. जाड जाकिटाने दस्ता खांद्यापासून पुढे ढकलला जातो, दुर्बिणीपासून डोळ्याचं अंतर बदलतं, दस्ता बगलेशी अडतो. टीशर्टवर केलेला सराव थंडीत कामाला येत नाही. आणि जाड हातमोज्याचं बोट घोड्याच्या कडीत कधीही घालू नका. आत पातळ हातमोजा, वरून मोठा चारही बोटं एकत्र ठेवणारा मोजा. वेळ आली की वरचा काढायचा.

माळरान

बुटांवर कधी येणार? :)

तिसरा_प्रहर

आलोच.

बुटांच्या बाबतीत तोच प्रश्न पुन्हा: चालायचंय की बसायचंय? दोन्हीला एकच बूट उत्तम, असं मी तरी पाहिलेलं नाही. एकच जोड घ्यायची तर चालण्याचा घ्या आणि बसतानाच्या थंडीची सोय वेगळी करा.

बुटाच्या आतल्या अस्तरावर २००, ४००, ८००, १००० असे ग्रॅम लिहिलेले असतात. लोकांना वाटतं बुटात तेवढं भरण आहे. तो आकडा चौरस मीटरमागे वजनाचा असतो, म्हणजे अस्तर किती दाट आहे ते कळतं. चालणाऱ्याला बिनअस्तराचा किंवा फार तर २०० चा. थोडं चालणं आणि बरंच बसणं असेल तर ४००. ८०० आणि त्यावरचे फक्त बसणाऱ्यांसाठी, ते घालून डोंगर चढलात तर मोजे पिळून काढावे लागतील आणि त्याच ओल्या मोज्यात पुढचे चार तास.

वजनाचंही भान ठेवा. पायातल्या एका किलोला लागणारी ताकद पाठीवरच्या एका किलोच्या चार ते सहा पट असते, असं चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. जड बूट संध्याकाळी कळतो.

टेकडीपलीकडे

आता वॉटरप्रूफ. इथे माझं ठाम मत आहे आणि बरेच जण सहमत नसतील.

बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या टेफ्लॉनचा पडदा शोधला, १९७६ पासून तो कपड्यांत आला आणि आज जवळपास प्रत्येक बुटात तसा काहीतरी पडदा असतो. पडदा वाफेला बाहेर जाऊ देतो हे खरं, पण वाफ बाहेर जायला आत-बाहेर ओलाव्याचा फरक लागतो. बाहेरचं कातडं भिजून चिंब झालं की वाफ आतच राहते. शिवाय पाणी वरून, म्हणजे घोट्याच्या वर गेलं, की पडदा ते आतच साठवून ठेवतो. ओढे ओलांडत, गवतातून दिवसभर चालणाऱ्याला मी बिनपडद्याचा चामड्याचा बूट सुचवेन. भिजेल, पण चालता चालता वाळेलही. लोकरीचे मोजे असतील तर पाय गारठत नाहीत.

थंड आणि सतत ओलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पडदा हवा.

अरण्यक

टेकडीपलीकडे, इथे मात्र असहमत. उन्हाळी ओढे ठीक आहेत. शून्य ते दहा अंशांत पाय दिवसभर ओला ठेवणं हा खेळ नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच गेले. गोठण्याइतकी थंडी नसतानाही नुसत्या ओल्या गारठ्याने पायातल्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. आधी बधिरता, मग पाय गरम झाल्यावर जळजळ आणि सूज. पाय बधिर झालाय आणि आता दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं समजून लोक बसून राहतात. तिथे उठायचं, मोजे काढायचे, पाय पुसायचे, कोरडे मोजे घालायचे. रात्री झोपताना पाय कोरडे हवेतच, काहीही झालं तरी.

टेकडीपलीकडे

अरण्यक, हा मुद्दा मान्य. माझा सल्ला दहा अंशांच्या वरच्या हवेसाठीच धरावा.

तिसरा_प्रहर

दोघांचं बरोबर आहे, हवा वेगळी आहे. दलदलीत किंवा पाण्याच्या कडेला बसणार असाल तर दोन्ही वाद बाजूला ठेवून रबराचे उंच बूट घ्या. रबराला तुमचा वासही कमी चिकटतो. फक्त त्यात घोट्याला आधार नसतो आणि घाम बाहेर जायला वाटच नसते. आत काढता येणारं फेल्टचं अस्तर असेल तर रात्री ते काढून वाळवा.

दवभरला

माप कसं बघायचं? मी नेहमी जाड मोज्यांसाठी एक नंबर मोठा घेतो.

शिशिरा

दवभरला, आंधळेपणाने एक नंबर मोठा घेऊ नका. ज्या मोज्यांत शिकारीला जाणार तेच मोजे घालून, संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना बूट घालून बघा. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उतारावर उभ्या राहा, सॉरी, उभे राहा :) बोटं पुढे आपटायला नकोत, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. त्याच वेळी टाच उचलली जाता कामा नये. टाच उचलली की फोड आलाच.

आणि जाड मोजे घालून बूट घट्ट झाला तर पाय उलट जास्त गारठतो. दाबल्याने रक्त कमी पोचतं आणि मोज्यातली हवाही दबून जाते. दोन जाड मोजे एकावर एक घालणाऱ्यांचे पाय बहुतेक वेळा यामुळेच थंड असतात. एक पातळ आतला आणि एक मध्यम लोकरीचा, पुरे.

टाच धरून ठेवायला नाडी घोट्याच्या वळणावर दोनदा पिळून गाठ मारा, मग वर चढवा. बोटांकडची नाडी ढिली, घोट्यावरची घट्ट.

माळरान

मचाणावर मला सगळ्यात आधी पायच थंड पडतात. बूट ८०० ग्रॅमचे आहेत, तरी.

तिसरा_प्रहर

माळरान, पाय कशावर टेकवता? लोखंडी जाळीवर? मग उष्णता तळव्यातून खाली जातेय. बुटात वरून कितीही भरण असू दे, तळव्याखाली ते वजनाने दबलेलं असतं. पायाखाली बंद पेशींच्या फोमचा तुकडा टाका, झोपायच्या चटईतून कापलेला चालतो. बुडाखालीही तसाच. फरक लगेच कळेल. आणि डोकं, मान, मनगटं झाकलेली आहेत का बघा. शरीराच्या मधल्या भागाला थंडी वाजली की रक्त हातापायांकडून परत घेतलं जातं, मग बुटात काहीही भरा. पायाला थंडी वाजत असेल तर आधी छातीवर एक थर चढवून बघायचा.

तरी पुरत नसेल तर बुटांवरून घालायची भरणाची पिशवी मिळते. चालताना पाठीवर, बसल्यावर पायात. मी तर ८०० चे बूट घेण्यापेक्षा ४०० चे आणि ही पिशवी, असंच सुचवेन.

माळरान

जाळीच आहे! फोमचा तुकडा आजच कापतो. धन्यवाद.

घनदाट_सावली

उशिरा आलो. जंगलात गोचिडांचा हंगाम असेल तर पँट मोज्यांत खोचा आणि गेटर्स (बुटाच्या वरून पोटरीपर्यंत घालायचं आवरण) घाला. बाहेरच्या कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारता येतं, पण फक्त कपड्यांवर, त्वचेवर नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. ते ओलं असताना मांजरांना विषारी असतं, माशांनाही. घरात मांजर असेल तर बाहेर फवारा आणि वाळेपर्यंत तिला तिकडे फिरकू देऊ नका.

गेटर्स दवाच्या गवतातही उपयोगी. बुटात पाणी वरून जातं ते गवतावरून पँट ओली होऊन, पँटमधून मोज्यात आणि मोज्यातून खाली. बुटाचा पडदा याला काहीच करू शकत नाही.

टेकडीपलीकडे

तळव्यांबद्दल कुणीच बोललं नाही. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक थंडीत अडकून मरण पावले, त्यांच्या पायातले बूट अशा हवेसाठी नव्हते. त्यांचा मित्र व्हिताले ब्रामानी यांनी त्यावरून १९३७ मध्ये रबरी खाचांचा तळवा बाजारात आणला. आज आपण वापरतो ते बहुतेक तळवे त्याच कल्पनेचे. खोल खाचा चिखलात आणि उतारावर पकडतात, पण माती घेऊन चालतात आणि सुक्या पानांवर आवाज करतात. माग काढत सावकाश चालणाऱ्याने कमी खाचांचा, थोडा मऊ तळवा घ्यावा. पायाखाली काटकी आहे हे तळव्याला कळलं पाहिजे, ती मोडायच्या आधी. डोंगराळ, खडकाळ भागात ओझं घेऊन आडवं चालायचं असेल तर कडक तळवाच हवा, मऊ तळव्याने पोटऱ्या दुखून येतील.

दवभरला

शेवटचा प्रश्न. मामांचे जुने चामड्याचे बूट माळ्यावर आहेत, फारसे न वापरलेले, आठ-नऊ वर्षांचे. नवे घेण्याऐवजी तेच वापरू का? आणि तंबूत ओले बूट कसे वाळवायचे?

अरण्यक

दवभरला, घालून आधी घराजवळ दोन-तीनदा लांब चाला. तळव्याच्या मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि एके दिवशी अख्खा तळवा सुटून येतो. अंगठ्याने मधला थर दाबून बघा. भुगा निघतोय, भेगा दिसताहेत, चिकट लागतोय, यातलं काहीही असेल तर मोच्याकडे नेऊन तळवा बदलून घ्या किंवा सोडून द्या. शिलाईचे बूट असतील तर बहुतेक वेळा नवा तळवा लावता येतो.

वाळवताना शेकोटीजवळ ठेवू नका. कातडं तडकतं, गोंद सुटतो. आतले सुटे तळवे काढा, नाड्या सैल करून जीभ पुढे ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर दोन तासांनी बदला. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर बूट पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत पायाशी घ्या, नाहीतर सकाळी गोठलेल्या बुटात पाय जाणार नाही. ओले मोजे पोटावर, बनियन आणि फ्लीसच्या मध्ये ठेवले तर सकाळपर्यंत वाळतात. पण एक जोड कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा, ते दिवसा कधीच घालायचे नाहीत.

दवभरला

मधला थर दाबून बघितला. भुगा निघाला. तळवे बदलायला देतोय. सगळ्यांचे आभार.